शिवप्रियेचा पट्टा कोणी तपासावा

लोहारा,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. शिवप्रियेस, लोहाऱ्याहून आज्जाचा आशीर्वाद पोचावा.

काल सायंकाळी तुझा दूरध्वनी आला, तो तुझ्या आज्जीने घेतला. तिने ओसरीवर येऊन मला सांगितले, "आपली पोरगी मुकादम झाली वो!" मी तिला म्हणालो, की मुकादम नव्हे, पवनचक्क्यांची दुरुस्ती करणाऱ्या पथकाची प्रमुख झाली, असे म्हणावे. ती म्हणाली, "तेच की." ते तेच नाही, हे तुला व मला ठाऊक आहे.

मला त्या यंत्रावर बोलणे पसंत नाही. उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि डावा कान यंत्रास लावून ओरडणे या वयास शोभत नाही. शिवाय मोठ्या गोष्टी उभ्या उभ्या बोलू नयेत. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच द्यावे, शाईने लिहावे, आणि अक्षराकडे लक्ष असावे. मी चौथी उत्तीर्ण आहे, परंतु माझ्या अक्षरास आजवर कोणी बोट लावलेले नाही.

चार माणसे आपल्या शब्दावर चालणे म्हणजे काय, ते मी जाणतो. संक्रांतीला गल्लीचा नंदीध्वज मी कंबरेवर तोलून चालत असे, आणि दोऱ्या धरणारे सगळे माझा शब्द झाल्याशिवाय पाऊल टाकीत नसत. परंतु त्या काठीचे टोक मला मान वर केल्यावर दिसत असे. तू ज्यावर चढतेस ती पवनचक्की मी एकदाच, येरमाळ्याहून येताना एस.टी.च्या खिडकीतून पाहिली आहे. खिडकीत तिचे टोक मावले नाही. मी डोके बाहेर काढले, तेव्हा वाहक मला रागावला.

तेव्हा कळव, की तुझ्या हाताखाली माणसे कोण आहेत, आणि ती ऐकतात की नाही.

तुझ्या थोरवीने सुखावलेला,
शरणबसप्पा


येरमाळा,
दि. २ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आज्जा, तुमच्या पायांवर माथा ठेवून लिहिते.

शाई मिळाली, पेन मिळालं, अक्षराची मात्र हमी देत नाही. रोज नटबोल्ट आवळून बोटं वाकडी झालीत.

आमचं पथक तिघांचं. मी, उत्कर्ष आणि बब्रुवानकाका. उत्कर्ष कळंबचा, माझ्यानंतर लागलेला, बोलायला लागला की थांबत नाही. बब्रुवानकाका सगळ्यांत जुने. या माळावरची पहिली पवनचक्की उभी राहिली तेव्हापासून आहेत. प्रमुखपद आधी त्यांनाच देऊ केलं होतं. ते म्हणाले, "साहेबाशी इंग्रजीत भांडायचं काम हाय ते. पोरीला द्या." मग मला मिळालं, तेही तीन महिने बघू, जमलं तर कायम, या बोलीवर.

आधी ते मला 'ए पोरी' म्हणायचे. आता 'बाई' म्हणतात. उत्कर्षनं विचारलं, "काका, एका दिवसात पोरीची बाई कशी झाली?" तर म्हणाले, "तुला न्हाय कळायचं. तू आजून पोरगाच हाईस."

तुम्ही टोकाबद्दल लिहिलंत. सांगते. पोलादी मनोऱ्याला खाली एक दार असतं. आत गेलं की आधी यंत्र थांबवायचं. एवढी मोठी पाती, पण हळूहळू मंद होत जातात आणि उभी राहतात, तेव्हा माळावर एकदम शांत होतं. मग आतल्या शिडीनं वर. सगळ्यात वर यंत्राची खोली आहे, तिचं झाकण उघडून बाहेर यायचं. आज्जा, तिथून हायवेवरचे ट्रक मुंगीएवढे दिसतात. ढगाची सावली लांबून माळ चढत येते आणि आपल्या अंगावरून निघून जाते. दोन वर्षं झाली मला चढायला लागून, पण ती सावली आली की अजून अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मात्र अडली आहे. आमचा दस्तूर असा, की चढण्याआधी अंगावर सुरक्षेचा पट्टा बांधून, दोन्ही हात पसरून उभं राहायचं. मग जोडीदार खांद्याचं, छातीचं, मांड्यांचं एकेक बक्कल ओढून बघतो. आपला पट्टा आपण तपासलेला चालत नाही, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. आतापर्यंत माझा पट्टा हर्षाली बघायची. तिची बदली भूमकडच्या माळावर झाली. आता काकांना माझ्या पट्ट्याला हात लावायचा संकोच होतो, आणि उत्कर्ष तर आभाळाकडे बघायला लागतो. मलाही प्रमुख होऊन त्यांच्यापुढे हात पसरून उभं राहायचं म्हणजे कसंतरी वाटतं. काय करावं?

तुमची,
शिवप्रिया


लोहारा,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. शिवप्रियेस, घरातल्या सर्वांचे प्रेम व माझा आशीर्वाद.

पत्र पावले. ढगाच्या सावलीचा मजकूर मी तीन वेळा वाचला, एकदा मनात व दोनदा मोठ्याने. तुझी आज्जी "यप्पा!" म्हणाली आणि बराच वेळ हातातले निवडणे तसेच धरून बसली. आपल्या घराण्यात ढग खालून पाहिले गेले आहेत. त्यांच्या वाटेत उभे राहणारी तू पहिली.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. ते स्पष्ट आहे.

ज्याने आज्ञा करावयाची, त्याने आज्ञा घेणाऱ्यापुढे हात पसरून उभे राहू नये. तुझ्यासारख्या मुलीने परक्या पुरुषांपुढे तसे उभे राहणे तर मुळीच शोभत नाही. बब्रुवानास संकोच होतो, यावरून तो सभ्य मनुष्य आहे असे दिसते. त्यास संकोचातून मोकळे करावे. तुझ्या पथकातील माणसांचे पट्टे तू तपासावेस, आणि तुझा पट्टा तू स्वतः नीट पाहून बांधावा. जो दुसऱ्यांचे पाहू शकतो, त्यास आपले पाहता येत नाही, हे मला पटत नाही. मी नंदीध्वजाचा कंबरपट्टा उभ्या आयुष्यात कोणाकडून बांधून घेतला नाही.

आज्जी म्हणते, "नियम हाय तर पाळावा की." तिला प्रमुखपणाचा अनुभव नाही.

ठामपणे वाग. ठाम माणसाचे ऐकले जाते.

तुझा,
आज्जा


येरमाळा,
दि. ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आज्जा, दोघांच्या पाया पडते.

उत्तराला उशीर झाला. थंडीत वारा पडतो, म्हणून दुरुस्तीची सगळी कामं याच दिवसांत येतात. पट्ट्याचं तुम्ही लिहिलंत तसंच करते आहे. त्याचं काही अडलं नाही.

अडलं दुसरंच. परवा मंगळवारी बब्रुवानकाकांनी काम बंद पाडलं. आम्ही चढायच्या बेतात होतो. शेजारच्या पथकाचे दोघं अवजारं मागायला आले होते, त्यांच्यासमोर काका मनोऱ्याच्या लोखंडी पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी चढत न्हाय, आन् तुमालाबी चढू देत न्हाय." मी उठा म्हणाले. उठले नाहीत. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली! उत्कर्षचं बोलणं पहिल्यांदा बंद झालं. मी ओरडले. काका तंबाखू मळत बसले.

चक्की दिवसभर बंद राहिली. साहेबांचा फोन आला, बंद का? मी म्हणाले, तब्येतीचं कारण झालं. त्यांना पटलं नाही. त्यांनी मला धाराशिवला कचेरीत बोलावलंय, दोष कोणाचा ते समक्ष सांगायला. काकांचं नाव सांगितलं तर त्यांची बदली थेट गुजरातेत होईल. त्यांचं घर, शेत, सगळं इथंच येरमाळ्याला आहे. नाही सांगितलं तर माझं प्रमुखपद जाईल, कारण मग दोष माझाच. कचेरीत काय सांगू?

शिवप्रिया


लोहारा,
दि. १६ जानेवारी २०२५

चि. शिवप्रियेस अनेक आशीर्वाद, आणि त्यांबरोबर थोडे खडे बोल.

तुझे पत्र वाचून मी जेवलो नाही. चारचौघांत प्रमुखाचा शब्द मोडणे, दारास कुलूप घालणे आणि वर तंबाखू मळणे, हा उद्धटपणा आहे. त्यास मी सभ्य म्हटले होते, ते चुकले. तू साहेबांसमोर त्याचे नाव घ्यावेस. त्याचे शेत येरमाळ्यास आहे, हा साहेबांचा विचार असावा, तुझा नव्हे. आज एकास सोडलेस, तर उद्या उत्कर्षही पायरीवर बसेल.

हे पत्र लिहीत असता तुझी आज्जी मध्येच म्हणाली, "पण त्यो बसला का, ते पोरीनं लिव्हलंच न्हाय." मी तिला म्हणालो, की उद्धटास कारण लागत नाही. ती म्हणाली, "इतकी वरसं तिथं हाय त्यो. उगंच बसंल व्हय?" तिचे म्हणणे जसे बोलली तसे लिहिले आहे, कारण तिने ते लिहिण्याचा हट्ट धरला. माझे मत वर दिलेच आहे.

तू प्रमुख आहेस, हे गल्लीत सर्वांस ठाऊक झाले आहे. ते तसेच राहिले पाहिजे.

आज्जा


येरमाळा,
दि. २७ जानेवारी २०२५

तीर्थरूप आज्जा आणि आज्जी, दोघांनाही हे पत्र.

आज्जीला सांगा, तिनं बरोबर हेरलं. मी लिहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी माझ्या डाव्या मांडीचं बक्कल लागलंच नव्हतं. नुसतं अडकवलेलं होतं. काकांना ते लांबून दिसलं. आधी जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, डावीकडलं बघा." मी म्हणाले, "बघितलंय." बघितलं नव्हतं, आज्जा. शेजारचे दोघं उभे होते, आणि मला वाटलं, यांच्यासमोर वाकून बघितलं तर यांना कळेल की मी चुकले. काका दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी चिडून विचारलं, "इथं प्रमुख कोण आहे?" त्यावर काका जाऊन पायरीवर बसले. बाकीचं लिहिलंच आहे.

ते मला चारचौघांत म्हणू शकले असते, 'ही बाई पट्टा न लावता चढतीय.' म्हणाले नाहीत. उद्धट ठरले, पण म्हणाले नाहीत. सगळे गेल्यावर मी गाडीत बसले आणि बक्कल ओढून पाहिलं, तर ते सरळ हातात आलं.

तुमचं पत्र आलं, त्यानंतर शुक्रवारी कचेरीत गेले. साहेबांना समक्ष सगळं सांगितलं, जसं झालं तसं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "प्रमुखच नियम मोडणार असेल, तर प्रमुख ठेवायचा कशाला?" येत्या सहा तारखेला, गुरुवारी, ते स्वतः माळावर येणार आहेत. माझं काम बघतील, पथकाला विचारतील आणि तिथंच काय ते सांगतील. बहुतेक काढतीलच.

त्या दिवशी परत आले आणि काकांना म्हणाले, "उद्यापासून माझा पट्टा तुम्ही बघायचा."

"बाईमाणसाचा?"

"वर चढणाऱ्या माणसाचा."

काकांनी दोन्ही हात पुसले. मग म्हणाले, "मग हात नीट पसरा. अंग चोरून हुबं राहिलात तर मला दिसायचं न्हाय."

आज्जा, तुम्ही गल्लीत सांगितलंय, त्याची आठवण झाली की मला कुठं तोंड लपवू असं होतं. आता कोणाला काही सांगू नका. आणि गुरुवारी येऊ नका.

शिवप्रिया


लोहारा,
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. शिवप्रियेस, तुझ्या आज्जाचा आशीर्वाद, जो या वेळी लिहिताना हात थोडा थांबला.

तू येऊ नका असे लिहिले होतेस. आम्ही आलो. त्याचे कारण तुझ्या आज्जीने पिशवी भरली होती, आणि तिची भरलेली पिशवी मला कधी रिकामी करविता आलेली नाही. जीपने, मग दोन एस.टी. बदलून, बुधवारी येरमाळ्यास तिच्या मावसबहिणीकडे उतरलो आणि गुरुवारी सकाळी माळावर पोचलो. आम्हास पाहून तुझा चेहरा कसा झाला, ते मी येथे लिहीत नाही.

तू वर गेल्यावर खाली काय घडले, ते तुला ठाऊक नाही. बब्रुवान सांगणार नाही. म्हणून लिहितो.

प्रथम जे मी डोळ्यांनी पाहिले, ते. साहेब उभे होते, शेजारच्या पथकाची माणसे होती, मी होतो. सर्वांदेखत तू दोन्ही हात पसरून उभी राहिलीस. मी मान वळविणार होतो. परंतु बब्रुवान तुझ्यासमोर आला, त्याचा चेहरा मला दिसला, आणि मला मान वळविता आली नाही. खांद्याचे बक्कल त्याने ओढले. छातीचे ओढले. "फिरा," म्हणाला. तू फिरलीस. गुडघ्यावर बसून त्याने मांड्यांची बक्कले ओढली, डावे दोनदा. मग उठून म्हणाला, "जावा." त्यावर तू उत्कर्षास तसेच उभे केलेस व त्याचे पाहिलेस. तो आभाळाकडे पाहत नव्हता. मी मठात उभा असल्यासारखा उभा होतो. हात पसरण्याविषयी मी माझ्या डिसेंबरातील पत्रात जे लिहिले होते, ते सर्व मागे घेतो. त्याबद्दल अधिक लिहिणार नाही.

तू व उत्कर्ष दारातून आत गेलात. यंत्र थांबले. त्या तीन पात्यांकडे पाहताना माझे तोंड उघडे राहिले, असे तुझी आज्जी म्हणते. एकेक पाते आपल्या गल्लीहून लांब असेल. ते आभाळ कापीत येत होते, आणि तू खाली एक कळ दाबल्यावर एखाद्या शहाण्या बैलासारखे थांबले. मग जी शांतता झाली, तिच्याविषयी तू लिहिले होतेस. परंतु ती लिहिण्यासारखी नाही.

मग साहेब बब्रुवानाकडे गेले. मी जवळच होतो, आणि माझा डावा कान चांगला आहे.

साहेब म्हणाले, "ही बाई राहू दे, की दुसरा माणूस देऊ?"

बब्रुवान वर टोकाकडे पाहत होता. त्याने मान खाली केली नाही. म्हणाला, "दुसरा दिला, तर त्यालाबी पहिल्यापास्नं शिकवावं लागंल, साहेब. हिला आत्ता कुठं हात पसरायला आलंय."

"तुमच्यावर ओरडली ती. चारचौघांत."

"व्हय. आवाज मोठा हाय तिचा. वर लागतोय तसाच."

"आणि कचेरीत तिनं सगळा दोष तुमच्यावर ढकलला असता तर? गुजरातला गेला असता."

"ढकलला न्हाय न्हवं?" एवढेच म्हणून त्याने तंबाखूची डबी काढली, पण तू आता वर पोचशील व पाहशील हे ध्यानात येऊन ती परत खिशात ठेवली.

साहेबांनी बराच वेळ घड्याळ पाहिले, जणू उत्तर त्यात होते. मग ते म्हणाले, "बरं. राहू दे. कायम." आणि चहा कोठे मिळेल, असे विचारू लागले. तुझी आज्जी तेथेच मातीत बसली व रडू लागली. साहेब घाबरले. मी त्यांस सांगितले, की ही आमच्याकडची आनंदाची रीत आहे.

आता शेवटची गोष्ट, जिच्याकरिता हे पत्र आहे.

थोड्या वेळाने तू वरचे झाकण उघडून बाहेर आलीस. मला आधी काही दिसेना. बब्रुवानाने बोट दाखविले, तेव्हा एक नारिंगी ठिपका दिसला, आणि तो हलला. तो ठिपका म्हणजे तू, हे मनास पटावयास वेळ लागला. ढगाची एक सावली दक्षिणेकडून माळ चढत आली, माझ्या पायांवरून गेली, मनोऱ्यावर चढली आणि तुझ्यापर्यंत पोचली. मला भान राहिले नाही. अधिक नीट दिसावे, म्हणून मी पुढे गेलो, आणखी पुढे गेलो. वरून अवजार पडल्यास कोणास लागू नये म्हणून मनोऱ्याभोवती जी दोरी बांधली होती, ती मी ओलांडली आहे, हे मला कळलेच नाही. सकाळी बब्रुवानाने मला हेल्मेट दिले होते, परंतु त्याकरिता पटका उतरवावा लागेल, असे तो म्हणाला, म्हणून मी ते घेतले नव्हते.

तेव्हा बब्रुवानाच्या हातातील बिनतारी यंत्रातून आवाज आला. "दोरीच्या आत पांढरा पटका कुणाचा आहे?"

बब्रुवान म्हणाला, "बाई, कुणाचा हाय ते तुमाला म्हाईत हाय."

"माहीत आहे. डोक्यावर हेल्मेट नाही. मागं व्हायला सांगा. ते बाहेर होईस्तोवर इथं एक पाना उचलला जाणार नाही."

सर्व माणसे माझ्याकडे पाहू लागली. आज्जी रडावयाची थांबली. साठ वर्षांच्या संसारात मला असे कोणी सांगितलेले तिने पाहिले नव्हते, आणि मी काय करतो, ते तिला पाहावयाचे होते.

खाली उतरल्यावर तू घाईने येऊन माझ्या पाया पडलीस व म्हणालीस, "आज्जा, सगळ्यांसमोर बोलले. रागावू नका." मी काही बोललो नाही, आणि एस.टी. येईपर्यंतही बोललो नाही. तू ते रागाचे समजलीस, असे आज्जी सांगते. म्हणून लिहितो. क्षमा मागू नकोस. त्याविषयी पुन्हा कधीही क्षमा मागू नकोस.

तो आवाज वरून आला, तेव्हा तो कोणाचा आहे, माझी नात आहे की परकी, मुलगी आहे की पुरुष, याचा विचार मला सुचला नाही. तो विचार मला दोरीच्या बाहेर उभा राहिल्यावर सुचला. पाय त्याआधीच मागे गेले होते.

शरणबसप्पा